जिथवर वाजते

पत्रा सडला तो पावसानं नाही.
सडला बर्फानं.
एकोणीस वर्षं लाद्या वाहिल्या हिनं,
कामठी रोडच्या कारखान्यातून मच्छीबाजारात,
लग्नाच्या मांडवात, मठ्ठ्याच्या पिंपाशी,
कुल्फीवाल्यांच्या खारट पेट्यांपर्यंत,
आणि दोनदा, सांगू नये पण सांगतो,
भर मे महिन्यात,
मुलगा दुबईहून येईस्तोवर थांबवून ठेवलेल्या माणसांच्या कडेनं.

लादी वितळते. पाणी कोपरे शोधतं.
भुसा ओला राहतो, आणि मीठ विसरत नाही.
आरटीओच्या साहेबानं नुसतं पेन टेकवलं दाराखाली,
पेन आत गेलं.
"पासिंग विसरा," म्हणाला, पेन पुसत.
भाचा म्हणतो, भंगारात टाका मामा,
वजनावर तरी पैसे येतील.

धम्मदीप गजभियेचं दुकान म्हणजे पिली नदीजवळ
एक बाभूळ, एक मशीन,
आणि कुठल्याशा बसचं सीट, गिऱ्हाइकाला बसायला.
त्यानं गाडी पाहिली नाही. ऐकली.
लहान हातोडी घेऊन, मान कलती करून,
बाजारात बाया माठ वाजवून घेतात तशी:
टण. टण. टण. थप्.
"हे गेलं." खडूची रेघ.
टण. थप्. थप्.
रेघ चाकाच्या कमानीवर चढली, उतरली,
दाराखालून गेली ती थांबेचना.
"एवढं काहून कापतं बाप्पा? भोकावर ठिगळ मार ना."
"ठिगळ धरीन कोनाले?" तो म्हणाला.
"कुजक्याले टाका लागत नाही.
जिथवर वाजते, तिथवर कापा लागते."

मग ग्राइंडर. माझा पांढरा उडाला,
खालून आधीच्या मालकाचा निळा,
निळ्याखाली कुणाच्या तरी दूध डेअरीचं अर्धं नाव.
पट्टी कापून आडवी केली तेव्हा पोकळीतून
दोन मुठी काळा गाळ पडला, एक आठ आणे,
आणि एक कर्कटक.
गंजून पाय मिटलेला.

मोनाली तेव्हा पाचवीत.
नवी कंपासपेटी, आणि आठवड्यात कर्कटक गायब.
"शाळेत नाही हरवला बाबा, गाडीत पडला,"
असं ती म्हणत होती, मी मारत असताना.
मी गाडी झाडून पाहिली होती.
वरवर.

बॅटरीची वायर सोडली. टाकीवर ओलं पोतं.
एक ठिपका इथं. मग पार त्या टोकाला. मग मधे.
सलग ओढली रेघ, तर तापून पत्रा रुसतो,
पुन्हा सरळ होत नाही.
दोन ठिपक्यांच्या मधे ओलं फडकं,
फडक्याला माझ्याच अर्ध्या लादीचं पाणी.
धम्मदीप हसला, "चोरालेच चौकीवर बसवलं आपन."

"तिकडं पाहू नोको," चारदा सांगितलं त्यानं.
मी पाहिलं.

रात्री डोळ्यांत वाळू.
चंद्रकलेनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या पापण्यांवर,
वर दोन शब्द ठेवले, ते इथं लिहीत नाही.
मिटल्या डोळ्यांत हिरवा ठिपका:
इथं. मग पार त्या टोकाला. मग मधे.
"मोनालीला फोन लाव," मी म्हटलं.
"काय सांगू?"
"कर्कटक सापडला म्हणावं."
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "ते तुम्ही सांगा. डोळ्यांनी कुठं बोलायचं असतं?"
पण अकरा वाजून गेले होते.

पहाटे चारला कारखान्याकडं निघालो.
नव्या पत्र्याला अजून रंग नाही,
टाके दिसतात, ओबडधोबड, एकेक मोजता येईल असे.
दार ओढलं. आणि सवयीनं
आतून खांद्याचा दुसरा धक्का मारला.

लागलेलंच होतं ते. पहिल्यातच.